एकट्यांच्या रांगेत घुसलेला जयवंत

जयवंत, तू मला फसवलंस. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे तुझ्याबद्दल जे चार चांगले शब्द येतील त्यांत ते बुडून जाईल. चांगलं वर्षभर फसवलंस, भर दुपारी, माझ्या नाकासमोर, आणि वर स्वतःच्या मुलीलाही सामील करून घेतलंस. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्याशी सौदा करताना माणसं दोनदा विचार करतात. ट्रकवरच्या ताडपत्रीचं एक टोक उचललं की खाली कसला माल आहे ते मला कळतं. आणि तू, एका हाताला सुया टोचलेला माणूस, डायलिसिसच्या पलंगावर पडल्या पडल्या मला गंडवून गेलास.

आणि मला हायसं वाटतंय. तू जाऊन थोडेच दिवस झालेत. तुझ्या घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. अशा वेळी हायसं वाटतंय असं लिहायला जरा अवघड जातं. पण तुझ्याशी खोटं बोलण्याची आपल्यात पद्धत नव्हती. म्हणजे माझ्या बाजूने तरी नव्हती.

तू कोण होतास, गावात तुझं काय वजन होतं, हे मी लिहिणार नाही. ते सांगणारे बरेच आहेत, चौकात फ्लेक्सही लागलाय. फोटोत तुझा रंग इतका उजळ केलाय की मी गाडी थांबवून परत पाहिलं. मला तुझ्याशी एक वाद पुरा करायचा आहे. तो आपण अर्धा सोडला होता, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

मी मराठवाड्यातून आलो तेव्हा घणसोली गावात तुझ्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला आलो होतो, आठवतं? भाड्यावरून आपण जिन्यातच बसून इतकी घासाघीस केली की शेवटी वहिनी हंडा घेऊन वर आली. "तुमचा काय तो भाव ठरू दे, पन जिना मोकला करा. मला पानी भरायचाय." आपण दोघंही उठलो. मी खाली उतरताना म्हणालो, पाणी भरून झालं की पुढचं बोलू. तू हसलास. तिथून आपली ओळख सुरू झाली. मी तेव्हा कंपन्यांच्या दारातून भंगार उचलत होतो. पुढे कळंबोलीला माझं गोदाम झालं, क्रेन आली, घरही तिकडेच झालं. तू मात्र मला भाडेकरूच समजत राहिलास. फोन उचलला की म्हणायचास, "बोला लोखंडशेठ, नल गलतोय का?"

खेळाचं खूळ आपल्या दोघांच्या डोक्यात घातलं ते तुझ्या मुलीने, प्राचीने. लॉकडाउनमध्ये बाजार बंद पडला होता त्या दिवसांत आपण दोघं फोनवर तासन्‌तास भांडायचो, आणि भांडण झालं की दोघंही तिलाच न्याय करायला सांगायचो. ती कंटाळली. तिने आपल्या दोघांच्या मोबाइलवर तो खेळ टाकून दिला आणि म्हणाली, "आता इथे मारामारी करा, माझं डोकं सोडा." पाच जण एका बाजूला, पाच जण दुसऱ्या. समोरच्यांचा किल्ला आधी पाडेल तो जिंकला. एवढंच. दोन पन्नाशीतले बाप्ये त्यात असे अडकले की माझी बायको म्हणायला लागली, याच्यापेक्षा दारू बरी, निदान वास तरी येतो.

त्या खेळात शिरायचे दोन मार्ग होते. एक, एकट्याने बटण दाबायचं. मग खेळाची कंपनी तुम्हाला चार अनोळखी माणसं जोडून देते. कोणी रायपूरचा, कोणी कुठला. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, एक पुढे धावतो तर दुसरा झुडपात लपून बसतो. दुसरा मार्ग, आपली पाच माणसं आधी जमवायची, कानात इयरफोन घालायचे, आणि 'तू डावीकडून ये, मी थांबतो' असं बोलत बोलत खेळायचं. दोन्ही मार्गांनी आलेले लोक शेवटी एकाच मैदानात सोडले जायचे. माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून हेच होतं की ही लबाडी आहे. जमवून आलेल्यांनी जमवून आलेल्यांशी लढावं. एकट्यांची रांग वेगळी ठेवावी.

हे माझ्या अंगात कुठून आलं, ते तुला माहीत होतं. तळोज्याला एका कारखान्यात भंगाराचा लिलाव होता, मी धंद्यात नवा होतो. गेटबाहेरच्या टपरीवर काही जण एकत्र उभे राहून कटिंग पीत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी आत गेलो, थोड्या वेळाने तेही आले, आणि आत आल्यावर एकदम अनोळखी झाले. एक इकडच्या कोपऱ्यात, एक तिकडच्या. कोणी कोणाकडे बघेना. मी बोली लावली की त्यांतला एक वाढवायचा. तो थांबला की दुसरा. मला वाटलं, माल फार चांगला असणार, सगळ्यांना हवाय. मी चढत गेलो. मग एकदम सगळे गप्प झाले आणि तो माल माझ्या गळ्यात पडला. नव्या माणसाला असा एकदा भाजून काढला की तो पुन्हा गेटमध्ये येत नाही, ही त्यांची रीत. मी पुन्हा गेलो. अजून जातो, एकटाच जातो. टपरीवरच्या चहाचं आमंत्रण मला आता कितीदा आलं, मी तो चहा घेतला नाही. आत आल्यावर एकमेकांकडे न बघणारी माणसं दिसली की मी लगेच ओळखतो, हे आधी कुठे भेटलेत.

हे सगळं सांगून मी तुला म्हणायचो, तुझी ती पाच जणांची टीम म्हणजे तीच टपरी. आणि तू म्हणायचास, "नाय रे. टपरीवाले लपून ठरवतात. आमी उघड ठरवतो." मी म्हणायचो, समोरच्याला कळतं का ते उघड आहे म्हणून? त्याच्यासाठी लपलेलंच. तू म्हणायचास, "तेला कलायला पायजे. पाच जन एकसारके पल्तात, तवा समजायचं."

तुझी बाजूही मी ऐकून घेतली होती. पटली नव्हती, पण ऐकली होती. नवं शहर वसवायला सरकारने गावच्या जमिनी घेतल्या त्या वेळचं तू सांगायचास. तुझ्या वडिलांच्या काळात जे एकेकटे बोलायला गेले त्यांना जे पुढ्यात ठेवलं ते घेऊन यावं लागलं. गाव देवळात एकत्र बसलं, कोण बोलणार, कोण गप्प राहणार हे ठरवून गेलं, तेव्हा समोरच्या साहेबाने पहिल्यांदा खुर्ची दिली. "एकटा मानूस भांडतो तवा त्याला भांडखोर म्हनतात," तू म्हणायचास, "गाव भांडतो तवा त्याला मागनी म्हनतात." यावर मी आवाज चढवायचो. तुझ्यासाठी एकत्र येणं म्हणजे वाचणं. माझ्यासाठी चार लोक एकत्र आले की ते माझ्याच विरुद्ध असणार. आता आपल्या दोघांचं कसं जमायचं?

मग तो रविवार. मी एकट्याने बटण दाबलं, चार अनोळखी मिळाले, आणि समोर तुमची पाचांची टीम. तू, प्राची, तुझा पुतण्या आणि दोन भाडेकरू. तुम्ही आमची जी धुलाई केलीत! माझ्या बाजूचा एक जण अर्ध्यात खेळ सोडून गेला. आमचा किल्ला पडल्यावर तुमच्यातल्या कोणीतरी नाचणाऱ्या माकडाचं चित्र पाठवलं. ते मला सहन झालं नाही. मी गाडी काढली आणि कळंबोलीहून घणसोलीला आलो. गावात गाडी लावायला जागा मिळेना म्हणून आणखी डोकं फिरलं. तुझ्या पुढच्या खोलीत आलो तर तुम्ही पाचही जण प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसलेले, मध्ये भजी.

"पाच जण एका खोलीत बसून कानाला कान लावून खेळता," मी म्हणालो, "आणि समोर आम्ही, ज्यांना एकमेकांचं नावही माहीत नाही. ह्याला खेळ म्हणतोस तू?"

"मंग काय म्हनू? हलदीचा कार्यक्रम?"

भाडेकरू हसले. मी आणखी तापलो.

"लबाडी म्हण. सरळ लबाडी."

"अरं, टीमचा बटन कंपनीनं दिलाय. मी नाय लावला."

"बटण आहे म्हणून दाबायचं?"

"तुला बी हाय ना तो. दाब. ये आमच्यात. बस."

"पाच पुरे झालेत तुझे."

"याला उठवतो." तू पुतण्याच्या खुर्चीला पाय लावलास. तो ओरडला, "ओ काका! मी काय केलं?"

तेव्हा मी हसलो असतो तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते. मी हसलो नाही. म्हणालो, "तुला एकट्याने जिंकता येत नाही म्हणून तू गर्दी जमवतोस." आणि तू भजी खाली ठेवून, अगदी हळू आवाजात म्हणालास, "आनि तुला चार मानसांत बसता येत नाय म्हनून तू हरतस, शेठ."

मी निघालो. खाली गाडीत बसून तुला खेळातल्या मित्रांच्या यादीतून काढून टाकलं. फोन बंद झाले. त्यानंतर महिन्याभरातच तुझ्या किडन्या गेल्या, एक दिवसाआड डायलिसिस लागलं, हे मला कळत होतं. वहिनीला मी फोन करत होतो. ती विचारायची, त्यांना देऊ का? मी म्हणायचो, त्याला हवा असेल तर तो करेल. तिकडून तूही तेच म्हणत असशील. आपण दोघं म्हणजे तुझ्या भाषेत नांगर टाकलेल्या दोन होड्या.

आणि नेमकं त्याच काळात माझं नशीब उघडलं. दुपारी जेवणानंतर क्रेन बंद असते, हमाल सावलीला पडतात, तेव्हा मी ऑफिसात दार लोटून दोन-तीन डाव खेळायचो. एकटा. आणि जिंकायला लागलो. रेटिंग वर चढायला लागलं. इतक्या वरच्या पायरीवर गेलो की तिथे दुपारच्या वेळी खेळणारेच कमी. दोन नावं वारंवार भेटायला लागली. एक 'गप बदक' आणि एक 'आंबट वडापाव'. कधी माझ्या बाजूने पडायचे, कधी समोर. बदक माझ्या बाजूने आलं की औषध देणारं ठेंगणं पात्र घ्यायचं आणि सबंध डाव माझ्या मागे मागे फिरायचं. मी जखमी झालो की मागून औषध. मी वेड्यासारखा पुढे घुसलो की मागून औषध. एक शब्द बोलायचं नाही. मला असाच माणूस आवडतो. त्या दोघांनी मैत्रीची विनंती पाठवली तेव्हा मी स्वीकारली. टीम मात्र केली नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व.

तीच दोन नावं पुन्हा पुन्हा का दिसतात, याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. केला. आणि बाजारातल्या माणसासारखाच केला. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तीच तीच तोंडं दिसतात, असा हिशेब लावून मोकळा झालो. तळोज्याच्या लिलावात एकमेकांकडे न बघणारी माणसं ओळखणारा मी! इथे दोन जण माझ्याशी एक अक्षर न बोलता रोज माझ्या मागे-पुढे फिरत होते आणि मी त्यांना गिऱ्हाईक समजत होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नशीब एक दिवसाआड चांगलं असायचं. एक दिवस जिंकायचो, दुसऱ्या दिवशी जेमतेम. मला त्याची इतकी खात्री पटली की मी अवघड सौदे चांगल्या दिवसावर ढकलायला लागलो. पुण्याच्या एका पार्टीला मी म्हणालो होतो, उद्या नको, परवा बसू, परवा माझा दिवस आहे. तुझं रक्त यंत्रातून फिरत असायचं, म्हणून माझा दिवस चांगला असायचा, हे मला कोण सांगणार होतं?

मग एका सकाळी प्राचीचा फोन आला. "काका, पप्पा गेले." मी कपडे घातले, गाडीत बसलो, आणि किल्ली फिरवायच्या आधी मला पहिला विचार आला तो हा, की जयवंत माझ्यावर रागावून गेला. रडू नंतर आलं. आधी हे आलं. ते छातीत असं बसलं की तुला खांदा देतानाही माझं लक्ष त्याच्यातच. लोक म्हणत होते, बघा, भांडले तरी कसे मित्र. मी मान खाली घालून चाललो होतो.

दहाव्याला आलो. विधी झाले, लोक पांगले, मी तुझ्या त्याच पुढच्या खोलीत बसलो. खुर्च्या भिंतीला एकावर एक रचून ठेवल्या होत्या. प्राची पाणी घेऊन आली आणि समोर बसली.

"काका, एक बोलू? रागावू नका."

"बोल ना."

"आता तुमचं रेटिंग पडेल."

मला वाटलं, मुलीला धक्का बसलाय, काहीही बोलतेय. मी म्हणालो, "पडू दे बाळा, त्याचं काय आता." तर ती म्हणाली, "तसं नाही. गप बदक पप्पा होते. आंबट वडापाव मी."

जयवंत, मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिने सगळं सांगितलं. मी तुला यादीतून काढल्यावर तुम्ही दोघांनी नव्या नावांनी नवी खाती उघडली होती. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही. फोन उशीवर उभा केलेला, उजव्या हाताचा एक अंगठा मोकळा. एका अंगठ्याने लढता येत नाही, म्हणून तू औषधवालं पात्र घ्यायचास, त्याला मागे मागे चालणं आणि एक बटण दाबणं एवढंच पुरतं. ती शेजारच्या खुर्चीत, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप, त्यावर फोन. मी ऑनलाइन आलो की यादीत तुम्हाला दिसायचं. मी बटण दाबलं की तू म्हणायचास, "दाब, दाब, शेठ घुसला." आणि तुम्ही दोघं वेगवेगळं, एकेकट्याने बटण दाबायचात. एकट्यांच्या रांगेत. वर खेळणारे कमी, म्हणून बहुतेक वेळा माझ्याच डावात येऊन पडायचात.

"पप्पा म्हणायचे, तो टीममध्ये येत नाय ना, मंग टीम त्याच्यात जाईल."

मी उठून उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. मी तिला विचारलं, "आणि समोर पडायचात तेव्हा?"

"म्हणजे?"

"समोरच्या टीममध्ये पडलात, तर काय करायचात? मुद्दाम सोडायचात मला? प्राची, खरं सांग. मेलेल्या बापाची भीड धरू नकोस. मला जिंकवायचा का तो?"

माझा आवाज चढला होता. वहिनी आतून बाहेर आली. दारात उभी राहिली. मला दुसऱ्या कशाचीच पर्वा नव्हती. औषध दिलंस ते एक वेळ मी सहन केलं असतं. पण दया म्हणून मला एक डाव जरी सोडला असतास, तर मी ह्या घराची पायरी पुन्हा चढलो नसतो. मी पुढ्यात ठेवलेलं कधी उचललेलं नाही. आयुष्यभर मी जे घेतलं ते भांडून घेतलं, तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. दहाव्याच्या दिवशी, पांढऱ्या ओढणीत, तोंडावर हात दाबून हसायला लागली.

"सोडायचे? काका, तुम्ही समोर आलात की पप्पा औषधवाला घ्यायचेच नाहीत. जाळंवाला घ्यायचे. त्यालापण एकच बटण लागतं. 'पयला शेठ धरायचा,' म्हणायचे. 'बाकीचे ऱ्हाऊ दे, पयला शेठ.' तुम्हाला जाळ्यात अडकवून धरायचे, आणि बाकीचे येऊन तुम्हाला मारायचे. एकदा इतके हसले की मशीनचा अलार्म वाजला, नर्स ओरडली."

तो जाळंवाला! त्याला मी ऑफिसात बसून ज्या शिव्या घातल्या आहेत, त्या ऐकून क्रेनवाल्याने एकदा आत डोकावून विचारलं होतं, शेठ, कोणावर केस झाली का. झुडपाआडून ते जाळं यायचं आणि मी फडफडत राहायचो. तो तू होतास. मला धरून ठेवणारा, एका अंगठ्याने, मनापासून, काडीची दया न करता.

मी खाली बसलो आणि मग रडलो. इतक्या दिवसांनी नीट रडलो. वहिनी दारातून म्हणाली, "अशेच दोगं. एक हसत गेला, एक रडत बसलाय. फोन तेवडा नाय करायचा." आणि तीही बसली.

म्हणून मला हायसं वाटतंय. तू रागावून गेला नाहीस. वर्षभर आपण बोललो नाही असं सगळं गाव समजत होतं, मीही समजत होतो, आणि आपण एक दिवसाआड दुपारी एकत्र होतो. तुझा तो पलंग, त्या सुया, त्या चार चार तासांच्या बैठका, त्यांतही तुला हसण्यासारखं काहीतरी मिळत होतं, आणि ते काहीतरी मी होतो. तुझा हात आता मोकळा झाला, याचंही बरं वाटतं. शेवटी शेवटी तो किती सुजायचा हे वहिनीने सांगितलं. कोणी काही म्हणो, मी घरी परतताना गाडीत गाणी लावली होती.

पण म्हणून वाद संपला असं समजू नकोस. प्राचीला मी तिथेच बसून विचारलं, आपण तिघं मिळून ज्यांना हरवलं त्यांचं काय? ते बिचारे एकट्याने बटण दाबून आले होते. त्यांना वाटलं, समोरही पाच एकटेच आहेत. कोणी ट्रकमध्ये माल उतरायची वाट बघत बसलेला असेल, कोणी दवाखान्याच्या रांगेत. त्यांच्यासाठी आपण टपरीवरचे लोक झालो की नाही? तुझी मुलगी तुझीच. म्हणाली, "काका, आम्ही तर कानात बोलत नव्हतो तुमच्याशी. तुम्हाला ठरलेलं काहीच माहीत नव्हतं. एका बाजूलाच माहीत असलेली टीम ती टीम कशी?" मी म्हणालो, ती तर जास्त वाईट. त्या टपरीवरच्या प्रत्येकालासुद्धा माहीत असायचं की आपण कोणाच्या बाजूने आहोत. ती म्हणाली, "मग आता उघड या. मी, तुम्ही, माझा चुलतभाऊ आणि वरचे दोघं भाडेकरू. पाच होतात." मी अजून हो म्हटलेलं नाही. मला एकदम हो म्हणायची सवय नाही, तिलाही ते माहीत आहे, ती थांबेल.

काल दुपारी मी बटण दाबलं. चार अनोळखी मिळाले. मागे कोणी नव्हतं. हरलो, वाईट हरलो, आणि तो हरलेला डाव मात्र शंभर टक्के माझा होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते विचारतो. समोर हरलेल्यांच्या वतीने कंपनीला जाब विचारता येईल, वेगळी रांग न ठेवणाऱ्या त्या कंपनीला मी लिहिणारही आहे. पण माझा जाब तुला आहे. तू मला एकदा विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं, हे तुलाही ठाऊक होतं आणि म्हणूनच तू विचारलं नाहीस. पण ते 'नाही' माझं होतं, जयवंत. मी जन्मभर कमावलेल्यातलं पहिलं ते होतं, गोदामाच्या आधीचं, तुझ्या खोलीच्याही आधीचं. ते तू माझ्या खिशातून काढून घेतलंस, त्याच्या जागी स्वतःला ठेवलंस, आणि परत द्यायच्या आधी उठून गेलास. कोणाला विचारून? वहिनीला बोलायला लावू नकोस, प्राचीला पुढे करू नकोस. तू सांग. कोणाला विचारून?